घानाला जाण्याची खरी कारणे आणि व्लीच्या वरच्या धबधब्याची वाट

घाना या पश्चिम आफ्रिकेतील देशात पर्यटक म्हणून का जावे, याची आपल्याकडे सांगितली जाणारी कारणे बहुतांशी दिशाभूल करणारी आहेत. निघण्यापूर्वी आम्हांला एका प्रवासी संस्थेने तीन कारणे सांगितली होती: देश स्वस्त आहे, सोपा आहे आणि तिथे इंग्रजी चालते. त्यांपैकी इंग्रजी चालते एवढेच खरे निघाले. घाना स्वस्त नाही. आक्रा या राजधानीत स्वच्छ, साध्या खोलीचे भाडे ऐकून मुंबईकरालाही दचकायला होते; मुंबईहून थेट विमान नसल्यामुळे आदिस अबाबा, दुबई किंवा नैरोबी यांपैकी कुठेतरी विमान बदलावे लागते आणि भारतीय पारपत्रधारकांना व्हिसा आधीच काढावा लागतो. सोपा तर तो नाहीच. तरीही ज्याचे पाय आणि फुप्फुसे शाबूत आहेत अशा प्रत्येकाने तिथे जावे, असे मी आग्रहाने सांगेन, आणि त्याची माझी कारणे म्हणजे व्होल्टा प्रदेशातील डोंगर, अटलांटिकच्या किनाऱ्यावरचे किल्ले आणि उत्तरेतील मोले राष्ट्रीय उद्यान.

सुरुवात डोंगरांपासून करतो, कारण फसवणूक तिथेच झाली आणि आनंदही तिथेच सर्वाधिक मिळाला. घानाच्या पूर्व सीमेवर, टोगो देशाला लागून असलेल्या डोंगररांगेत व्ली नावाचे गाव आहे आणि तिथे आगुमात्सा नदी कड्यावरून दोन टप्प्यांत कोसळते. खालचा धबधबा पाहण्यासाठी गावापासून साधारण पाऊण तास सपाट पायवाटेने चालावे लागते. वाट कोको आणि केळीच्या बागांमधून जाते, ओढा पुन्हा पुन्हा लाकडी साकवांवरून ओलांडावा लागतो आणि शेवटी कड्याला लटकलेली हजारो फळखाऊ वटवाघळे दिसतात. शाळेतली मुले, आजीआजोबा, कोणीही हा भाग करू शकते. याविषयी अधिक लिहिण्यासारखे काही नाही.

प्रश्न आहे तो वरच्या धबधब्याचा. संस्थेच्या माहितीपत्रकात ‘दोन्ही धबधबे, दोन तास, सर्वांसाठी सोयीचे’ असे छापलेले होते आणि ज्या टॅक्सीने आम्ही होहोए या तालुक्याच्या गावातून आलो, तिच्या चालकानेही मान डोलावून ‘फार तर एक तास जास्त’ असे सांगितले. दोन्ही विधाने धादांत खोटी आहेत. वरच्या धबधब्याची वाट सुरू झाल्यापासून संपेपर्यंत चढत राहते. तिला वळणे जवळजवळ नाहीत, दम खायला सपाटी नाही आणि गडकिल्ल्यांवर असतात तशा खोदीव पायऱ्या किंवा आधाराला कठडे तर नाहीतच. माती मऊ आहे आणि तिच्यावर कुजलेल्या पानांचा थर आहे. आदल्या रात्री सर पडून गेली असेल, तर पाय ठेवावा तिथून माती सरकते आणि झाडांच्या मुळांना धरून स्वतःला वर ओढून घ्यावे लागते. मुळे धरण्यापूर्वी नीट पाहावे, कारण काहींवर काळ्या मुंग्यांची रांग चालू असते आणि काही मुळे वरून धडधाकट दिसली तरी आतून भुसभुशीत असतात. सह्याद्रीत भर पावसाळ्यात एखाद्या घळीतून घसाऱ्यावर चढण्याची सवय असलेल्यांना ही वाट अवघड वाटणार नाही, परंतु तिथला दमटपणा आपल्या कोकणापेक्षाही जड आहे, हे लक्षात घेऊनच वेळेचा हिशोब करावा.

आमच्या गटातील सर्वांना नियमित डोंगर चढण्याचा सराव असूनही वर पोहोचायला दोन तासांहून अधिक वेळ लागला आणि उतरताना त्याहून जास्त त्रास झाला. उतारावर गुडघ्यांवर जो भार येतो त्याबद्दल कोणीच काही सांगत नाही. हे लिहितानाही माझा डावा गुडघा बोलतो आहे. तेव्हा स्पष्टच सांगतो: वरच्या धबधब्यासाठी सकाळी साडेसातच्या आत गाव सोडावे, माणशी किमान तीन लिटर पाणी घ्यावे, चांगल्या पकडीचे बूट आणि दोन काठ्या घ्याव्यात आणि दुपारी बारानंतर कोणीही कितीही आग्रह केला तरी चढायला सुरुवात करू नये. विषुववृत्ताच्या इतक्या जवळ वर्षभर सहाच्या सुमारास सूर्य मावळतो आणि अंधार पटकन होतो. दाट झाडीखाली तो त्याआधीच होतो. गावात शुल्क भरून स्थानिक वाटाड्या घ्यावाच लागतो आणि घ्यावाही, कारण शेतांतून फुटणाऱ्या वाटा त्यालाच ठाऊक असतात. आमचा वाटाड्या कोयत्याने फांद्या तोडत पुढे चालत होता आणि प्रामाणिक होता. ‘तुम्हांला कोणी दोन तास सांगितले?’ असे त्यानेच आम्हांला विचारले.

आणि तरीही, ज्याला शक्य आहे त्याने वर जावेच. झाडी एकाएकी संपते, अंगावर गार तुषार येतात आणि कड्याच्या कुशीतला डोह समोर येतो. खालच्या डोहाजवळ गाणी वाजत असतात, भाजलेले मासे विकले जात असतात. वर मात्र आमच्याशिवाय कोणी नव्हते. पाण्याचा आवाज इतका मोठा, की शेजारच्याशी बोलायचे तर कानाशी ओरडावे लागत होते. पश्चिम आफ्रिका म्हणजे उन्हाने करपलेली सपाट भूमी, हा समज ज्या कोणाचा असेल त्याला मी त्या डोहापाशी नेऊन उभे करीन. घानामध्ये एकच गोष्ट करायची असेल, तर ही करावी, असे त्या क्षणी मला वाटले आणि आजही वाटते.

याच भागात आफाजातो हे घानातील सर्वोच्च मानले जाणारे शिखर आहे. त्याची उंची 885 मीटर, म्हणजे कळसूबाईच्या जवळजवळ निम्मी; चढण छोटी पण खडी आहे. व्लीची वरची वाट केल्यानंतर आफाजातो नाही केले तरी चालेल. ताफी आटोमे गावातील मोना माकडांचे अभयारण्य मात्र वाटेत सहज होते.

आता पैशांबद्दल. घानामध्ये दोन प्रकारे टॅक्सी मिळते. एक सहप्रवाशांची: ठरावीक मार्ग, ठरावीक भाडे, गाडी भरली की निघते. दुसरी संपूर्ण गाडी आपल्यासाठी, जिला तिथे ‘ड्रॉपिंग’ म्हणतात आणि जिचे भाडे कितीतरी पट असते. रिकाम्या टॅक्सीत परदेशी माणूस बसला, की त्याने ड्रॉपिंग घेतले असेच चालक गृहीत धरतो. त्यामुळे दार उघडण्यापूर्वीच कोणत्या प्रकारे जायचे ते बोलून घ्यावे. आम्ही होहोएहून व्लीला जाण्या-येण्याचे भाडे ठरवले होते, परंतु थांबण्याच्या वेळेबद्दल चालकाने मोघम ठेवले आणि ज्याने स्वतःच ‘एक तास जास्त’ सांगितले होते, त्यानेच आम्ही चिखलाने माखून खाली उतरल्यावर थांबण्याचे म्हणून ठरलेल्या भाड्याच्या दुप्पट रक्कम मागितली. गावातील एका वयस्कर गृहस्थांनी मध्यस्थी करून ती निम्म्यावर आणली. तेव्हा जाणे, येणे, थांबण्याचे तास आणि सामान, या चारही गोष्टी आकड्यात ठरवून मगच निघावे. त्याहून चांगले म्हणजे व्ली गावातच मुक्काम करावा; तिथे साधी, नीटनेटकी निवासस्थाने आहेत आणि मग टॅक्सीला थांबवून ठेवण्याचा प्रश्नच उरत नाही.

आक्राहून होहोएला ट्रोट्रोने, म्हणजे तिथल्या वडापने, गेलात तरी हरकत नाही. ट्रोट्रोच्या भाड्यात फसवणूक क्वचितच होते, कारण सगळे प्रवासी तेच भाडे देत असतात. घासाघीस होते ती मोठ्या सामानाच्या आकारावर. गाडी शेवटची जागा भरेपर्यंत हलत नाही, म्हणून वेळापत्रक धरून बेत आखू नये. वाटेत आतिम्पोकू येथे व्होल्टा नदीवर 1957 साली खुला झालेला आडोमी पूल लागतो. गाडी थांबताच डोक्यावर परात घेतलेल्या बायका खिडक्यांशी गर्दी करतात: परातीत मक्याचे वाफवलेले पांढरे आबोलो, आणि शेजारी कुरकुरीत तळलेले बोटभरही नसलेले मासे. मासे खाणाऱ्याने ही जोडी घेतल्याशिवाय पूल ओलांडू नये.

किनाऱ्यावरच्या किल्ल्यांसाठी पूर्ण दिवस राखून ठेवावा आणि त्या दिवशी दुसरे काहीही ठरवू नये. एल्मिनाचा किल्ला पोर्तुगीजांनी 1482 साली बांधायला घेतला, म्हणजे वास्को द गामा कालिकतला पोहोचण्याच्या सोळा वर्षे आधी. ज्यांनी वसई आणि कोर्लई पाहिली आहे त्यांना तटबंदीची धाटणी आणि किल्ल्यातील चर्चची जागा ओळखीची वाटेल. पुढे 1637 मध्ये तो डचांनी घेतला आणि 1872 मध्ये इंग्रजांकडे गेला. सोन्याच्या व्यापारासाठी उभारलेली ही वास्तू शतकानुशतके माणसांच्या विक्रीचे कोठार झाली. अंगणाला लागून दोन कोठड्या शेजारी शेजारी आहेत. एक शिस्तभंग करणाऱ्या युरोपीय शिपायांसाठी होती, तिच्यात हवा येते. दुसरी बंड करणाऱ्या गुलामांसाठी. तिच्या दारावर दगडात कवटी आणि हाडे कोरलेली आहेत आणि आत उभे राहिल्यावर दार लोटले, की स्वतःचा हातही दिसत नाही. आमच्यापैकी कोणीही तिथे छायाचित्र काढले नाही.

यात आपला संबंध नाही असे समजू नये. सुरत आणि कोरोमंडलच्या किनाऱ्यावर विणलेले सुती कापड युरोपीय कंपन्या याच किनाऱ्यावर आणून माणसांच्या मोबदल्यात देत असत आणि मालदीवच्या कवड्याही भारतातल्या बंदरांतून होत पश्चिम आफ्रिकेत चलन म्हणून पोहोचत. आपल्या विणकरांना त्याची कल्पना असण्याचे कारण नव्हते, परंतु त्या कापडाचा शेवट कुठे झाला हे पाहायचे असेल, तर एल्मिनाजवळच्या केप कोस्ट या दुसऱ्या किल्ल्याच्या तळघरात उतरावे. तिथल्या ज्या दारातून माणसे जहाजांकडे नेली जात, ते आज उघडले की समोर रंगीत होड्या, वाळत घातलेली जाळी आणि आरडाओरडा करणारी कोळ्यांची मुले दिसतात. हे किल्ले 1979 पासून जागतिक वारसा यादीत आहेत. दोन्ही किल्ले एकाच दिवशी होतात. एकच शक्य असेल तर एल्मिना पाहावा.

जवळच्या काकुम अरण्यातील झुलत्या पुलांचे कौतुक मात्र वाजवीपेक्षा जास्त होते. जमिनीपासून तीस-चाळीस मीटर उंचीवर झाडांच्या शेंड्यांना बांधलेले सात पूल आहेत हे खरे, परंतु शनिवार-रविवारी शाळांच्या सहली एवढा कल्ला करतात, की प्राणी सोडा, पक्षीही दिसत नाही. आठवड्याच्या मधल्या वारी, पहाटे पोहोचता येत असेल तरच जावे, नाहीतर वगळावे.

उत्तरेतील मोले उद्यानात बंदूकधारी रक्षकासोबत पायी चालत हत्ती पाहता येतात आणि केनिया-टांझानियाच्या तुलनेत खर्च अगदीच किरकोळ येतो. जानेवारी ते मार्च या कोरड्या महिन्यांत हत्ती पाणवठ्यांवर उतरतात, त्यामुळे ते दिसण्याची शक्यता तेव्हाच सर्वाधिक. या काळात सहारातून येणारी हरमाटान वाऱ्याची धूळ नाकातोंडात जाते. रुमाल जवळ ठेवावा. मोलेसाठी आक्राहून तामाले या उत्तरेतील शहरापर्यंत बसने जाण्याच्या फंदात पडू नये, बारा तासांहून अधिक वेळ जातो. देशांतर्गत विमान घ्यावे. अगदी ईशान्येला, बावकूच्या बाजूला, सशस्त्र संघर्ष चालू असल्याने त्या दिशेला जाऊच नये.

शाकाहारी मंडळींसाठी: ‘मांस नको’ म्हटल्यावर मासे येतातच, म्हणून ‘मासे नकोत’ हे वेगळे सांगावे. भात आणि चवळी एकत्र शिजवलेले वाच्ये चांगले, पण त्यावरचा काळा शितो नाकारावा, त्यात सुकी मासळी असते. अळूच्या कुळातल्या पानांची कोंतोमिरे नावाची भाजी पाहून जीव हरखतो, तरी तीतही बहुधा धुरवलेला मासा असतो. तळलेली पिकी राजेळी केळी आणि मसालेदार केलेवेले यांवर निर्धास्तपणे दिवस काढता येतो.

पीतज्वराची लस सरकारमान्य केंद्रात प्रवासाच्या किमान दहा दिवस आधी घ्यावी, कारण प्रमाणपत्र त्यानंतरच ग्राह्य होते. आक्राच्या विमानतळावर ते तपासतात आणि परतताना मुंबईतही. ते नसेल तर भारतात सहा दिवसांपर्यंत विलगीकरणात राहावे लागू शकते, तेव्हा पिवळी पुस्तिका सामानात न टाकता पारपत्रासोबतच ठेवावी. हिवतापाच्या प्रतिबंधक गोळ्या डॉक्टरांच्या सल्ल्याने सुरू कराव्यात आणि परत आल्यावरही सांगितलेल्या मुदतीपर्यंत घ्याव्यात. व्लीच्या मुक्कामी मच्छरदाणी धड आहे की नाही, हे खोली घेण्यापूर्वीच पाहून घ्यावे.