शून्य म्हणजे सारखे

पदविकेच्या पहिल्या वर्षाला असताना सी या संगणकभाषेत प्रोग्रॅम लिहायच्या टर्बो सी या साधनाच्या निळ्या पडद्यावर मी एक छोटा प्रोग्रॅम लिहिला होता. पासवर्ड विचारायचा आणि तो इंग्रजी लिपीतला ‘सातारा’ निघाला तर ‘या, बसा’ छापायचे, एवढेच त्याचे काम. सहाही अक्षरे बोट ठेवून टाइप केली, तरी उत्तर एकच: ‘चुकीचा पासवर्ड’. तुलनेसाठी लागणारी बरोबरची दोन चिन्हे (==) मी न विसरता दिली होती, त्यामुळे प्रोग्रॅम यंत्राच्या भाषेत आणणाऱ्या कंपायलरचीही तक्रार नव्हती.

सीमध्ये मजकुरासाठी वेगळा असा प्रकारच नाही. असते ती अक्षरांची रांग आणि तिच्या शेवटी शून्य किमतीचा एक बाइट, म्हणजे सहा अक्षरांच्या साताऱ्याला जागा लागते सातांची. रांगेचे नाव घेतले की हाती येतो तिच्या पहिल्या अक्षराचा पत्ता, आणि ती दोन चिन्हे ताडून पाहतात ते हे पत्ते. दोन वेगळ्या गल्ल्यांतल्या दारांवर ‘कुलकर्णी’ अशीच पाटी असली, तरी पोस्टमनच्या लेखी ती घरे दोनच.

मजकूर ताडायला स्ट्रकंप (strcmp) हे फंक्शन, म्हणजे सीमधली तयार आज्ञा, आहे. ते दोन्ही रांगांवरून एकेक अक्षर पुढे सरकते आणि फरक सापडला, किंवा दोन्ही रांगा एकदमच संपल्या, की थांबते. सारखेपणाचे त्याचे उत्तर मात्र शून्य, आणि सीमध्ये शून्य म्हणजे ‘नाही’. त्यामुळे ते नुसतेच ‘जर’च्या कंसात टाकले, तेव्हा माझा प्रोग्रॅम खरा पासवर्ड सोडून वाटेल त्याला ‘या, बसा’ म्हणू लागला. हे फंक्शन तराजूच्या काट्यासारखे आहे, हे मला फार उशिरा उमगले: काटा मधोमध म्हणजे शून्य, एरवी तो ऋणाकडे किंवा धनाकडे कलतो. याच कलावर याद्याही लावता येतात, पण संगणकाच्या अक्षरतक्त्यात मोठ्या लिपीतल्या डब्ल्यूचा क्रमांक 87 आणि छोट्या एचा 97 असल्याने मोठ्या अक्षराने सुरू होणारी वाई छोट्या अक्षराच्या अकोल्याच्या आधी येऊन बसते.

पुढे टाइप केलेली ओळ वाचून घ्यायला गेट्स (gets) हे फंक्शन सोडून शहाण्यासारखा एफगेट्स (fgets) वापरू लागलो, तेव्हा तोच सातारा पुन्हा नाकारला गेला. एफगेट्स एंटरची खूणही रांगेत ठेवते; सहा अक्षरे जुळली आणि सातव्या जागी एकीकडे त्या खुणेचा क्रमांक 10 होता, दुसरीकडे शून्य.