रोजचा पश्चात्ताप आणि न येणारं रडू : माझा अनुभव

आमच्या ख्रिस्ती घरात रात्रीची कौटुंबिक प्रार्थना कधी चुकली नाही. एक शास्त्रभाग, एक गीत, प्रभूची प्रार्थना, की झोप. लग्नानंतर मी ठरवलं, की त्याशिवाय रोज एकटीने बसून दिवसभराची पापं देवापुढे कबूल करायची. वेळ आणि जागा लगेच ठरली. गाडी अडली ती रडण्यावर.

एका उपवास-प्रार्थनेत वक्ते ठासून म्हणाले होते, "डोळ्यांत पाणी नाही, तर पश्चात्ताप नाही." त्या वाक्याचा मला आजही राग येतो. मी रोज बायबलमधलं स्तोत्र 51 उघडायचे, दावीद राजा आपल्या पापाबद्दल किती कळवळून बोलतो ते वाचायचे, आणि माझे डोळे कोरडेच. मग मुद्दाम दुःखाच्या गोष्टी आठवायला लागले. आईचं शेवटचं आजारपण आठवलं की रडू यायचं. पण ते आईसाठी होतं, त्याचा माझ्या पापाशी काय संबंध? मंडळीत, म्हणजे चर्चमध्ये, विचारलं तर एकच उत्तर, "अजून प्रार्थना करा." बायबल उघडून कुणीही दाखवलं नाही.

शेवटी मीच शोधलं. इब्री लोकांस पत्राच्या 12व्या अध्यायात एका जेवणासाठी थोरलेपणाचा हक्क विकणारा एसाव आहे. त्याने रडून रडून आशीर्वाद मागितला, तरी तो नाकारला गेला. उलट लूक 19 मधला जकातदार जक्कय बघा. तिथे अश्रूंचा उल्लेखच नाही. तो उभा राहून सरळ हिशेब सांगतो : अर्धी मालमत्ता गरिबांना, आणि लुबाडलेलं चौपट परत. येशू त्याला म्हणतो, आज या घराला तारण मिळालं. येशूला ओळखत नाही म्हणणारा त्याचा शिष्य पेत्र नंतर रडला हे खरं. पण पैशांसाठी येशूला धरून देणारा शिष्य यहूदाही पस्तावला होता, ती तीस नाणी परतसुद्धा केली होती. पेत्र पुन्हा प्रभूकडे आला, यहूदा आला नाही. हे समजलं त्या रात्री छातीवरचं ओझं उतरलं.

त्यानंतर मी फक्त एवढंच विचारू लागले : आज कुणाशी, काय? एकदा उत्तर आलं, जाऊबाई. दुपारी चारचौघींत मी त्यांच्या स्वयंपाकाला नावं ठेवली होती. तशीच उठून फोन लावला. "ताई, दुपारी मी तसं बोलायला नको होतं." त्या क्षणभर थांबल्या. मग म्हणाल्या, "बरं. जेवलीस का?"

अंथरुणात पडून हे करू नका, झोप लागते. भांडी आवरून झाली की ओट्यापाशीच स्टूल घेऊन बसा. "मी पापी आहे" एवढ्यावर सोडू नका, नाव घेऊन बोला. नवऱ्याची पापं आपल्या यादीत घालू नका, मोह फार होतो. आणि हो, सुरुवात उपकारस्तुतीने करा. हे मला वसईच्या एका कॅथलिक मैत्रिणीने सांगितलं. जेज्विट संघाचे संस्थापक संत इग्नाती लोयोला यांच्या पद्धतीत आधी आभार, मग दिवसाची झडती.

रोज कशाला, असं कुणी म्हटलं तर धर्मसुधारक मार्टिन लूथरच्या 1517 सालच्या 95 प्रबंधांतला पहिलाच दाखवा : विश्वासणाऱ्याचं सगळं आयुष्यच पश्चात्तापाचं असावं.

रविवारी प्रभुभोजन (येशूच्या आठवणीत भाकर-द्राक्षरस घेण्याचा विधी) असेल तर ज्याला माफीचा फोन करायचा त्याला शनिवारीच करा. सकाळी उपासनेच्या घाईत राहून जातो.