हे अंशतः खरे आहे

जिल्हा परिषदेच्या प्राथमिक शिक्षण विभागातून मी वरिष्ठ सहायक म्हणून निवृत्त झाले. नागपूरचं हिवाळी अधिवेशन जवळ आलं हे लोकांना पेपरात वाचून कळतं. आम्हाला आधीच कळायचं, कारण रजा बंद व्हायच्या. घरात कुणाचं लग्न असो की बारसं, साहेबांचं उत्तर ठरलेलं, "अधिवेशन आहे, मॅडम."

टीव्हीवर दिसतं ते अधिवेशन म्हणजे पायऱ्यांवरच्या घोषणा, फलक आणि सभात्याग. आमचं अधिवेशन वेगळं होतं. "एलएक्यू लागलाय", म्हणजे आमदाराने विधिमंडळात प्रश्न विचारलाय, एवढं टेबलावरून टेबलावर गेलं की उरलेलं सगळं काम बाजूला पडायचं.

प्रश्न खाली कसा येतो ते सांगते, कारण खुद्द प्रश्न विचारणाऱ्या अनेक आमदारांनाही याची कल्पना नसावी असं मला वाटत आलंय. आमदार विधानमंडळ सचिवालयाकडे प्रश्न देतात. तो स्वीकृत झाला की मंत्रालयातल्या संबंधित कार्यासनाकडे जातो, तिथून पुण्याला संचालनालयात, मग विभागीय उपसंचालक, मग जिल्हा परिषद, मग गटशिक्षणाधिकारी, केंद्रप्रमुख आणि शेवटी मुख्याध्यापक. प्रत्येक पायरीवर एक पत्र जोडलं जातं, त्यावर 'अतितात्काळ, विधानमंडळ कामकाज' असा शिक्का बसतो आणि प्रत्येक साहेब आपल्यापुरता एक दिवस राखून ठेवतो. म्हणजे मंत्रालयाने आठवडा दिला असला तरी आमच्या हाती दुपारी साडेतीनला पत्र पडायचं आणि माहिती पाचच्या आत हवी असायची, विहित नमुन्यात. पूर्वी फॅक्स यायचा, मग मेल आला. शेवटच्या काही वर्षांत सगळं व्हॉट्सअ‍ॅपवर, तेही कुणीतरी वाकडा काढलेला फोटो.

मग फोनाफोनी. "सर, तुमच्या केंद्राची माहिती आली नाही." "निरंक आहे मॅडम." "निरंक तर निरंक, पण सहीनिशी पाठवा."

प्रश्नांची भाषाही ठरलेली. सुरुवातीला 'सन्माननीय शालेय शिक्षण मंत्री पुढील गोष्टींचा खुलासा करतील काय', मग 'अमुक जिल्ह्यात अमुक झाल्याचे निदर्शनास आले, हे खरे आहे काय', मग 'असल्यास, चौकशी केली आहे काय, त्यात काय आढळून आले, त्यानुसार कोणती कार्यवाही केली वा करण्यात येत आहे', आणि शेवटी 'नसल्यास, विलंबाची कारणे काय आहेत?' शेकडो प्रश्न याच साच्यातले. उत्तरांचाही साचा तितकाच पक्का: 'हे खरे आहे', 'हे खरे नाही', 'प्रश्न उद्भवत नाही'. आणि सगळ्यांत लाडकं, 'हे अंशतः खरे आहे'.

तारांकित प्रश्नाला मंत्री सभागृहात उभं राहून उत्तर देतात आणि त्यावर उपप्रश्न विचारता येतात. अतारांकितला फक्त लेखी उत्तर मिळतं. प्रश्नोत्तराचा तास एकच असल्याने तारांकितमधलेही थोडेच प्रश्न प्रत्यक्ष पुकारले जातात, उरलेल्यांची लेखी उत्तरं पटलावर जातात. लोकसभेतही असंच. तिथे एका दिवसाला २० तारांकित आणि २३० अतारांकित प्रश्नांची यादी असते, आणि विसातले दहा प्रश्न जरी झाले तरी दिवस चांगला गेला म्हणायचं. तेव्हा प्रश्न हे हत्यार मुख्यतः कागदावरच चालतं. तोंडी चकमक कधीमधी.

आता धोकादायक वर्गखोल्यांचं उदाहरण घ्या. जुन्या, कौलारू, भिंतीला तडे गेलेल्या खोल्या. अशी खोली पाडायची तर तिचं निर्लेखन करावं लागतं, म्हणजे ती सरकारी नोंदीतून रीतसर काढून टाकावी लागते. शाळा व्यवस्थापन समितीचा ठराव, मुख्याध्यापकांचा प्रस्ताव, बांधकाम उपविभागाच्या उपअभियंत्यांची तपासणी, मग मंजुरी, मग जुन्या सामानाचा लिलाव. हे सगळं होईपर्यंत खोली उभी असते, पोरं असतात, पावसाळाही येतो.

एका वर्षी आमच्या जिल्ह्यातल्या आमदारांनी तारांकित लावला: जिल्ह्यातील विद्यार्थी धोकादायक वर्गखोल्यांमध्ये जीव मुठीत धरून शिक्षण घेत असल्याचे निदर्शनास आले, हे खरे आहे काय? प्रश्न तळमळीचा होता, पेपरात चार कॉलम बातमी आली होती, तिच्यावरूनच केलेला. पण 'शिक्षण घेत असल्याचे' या शब्दांवर उत्तर सुटलं. तसल्या खोल्यांना आम्ही कुलूप घातलेलं होतं. पोरं बसत होती मारुतीच्या देवळात, समाजमंदिरात, कुठे व्हरांड्यात तीन वर्ग एकत्र. तेव्हा उत्तर काय जाणार? 'हे अंशतः खरे आहे. सदर वर्गखोल्यांमध्ये विद्यार्थ्यांना बसविण्यात येत नसून पर्यायी व्यवस्था करण्यात आली आहे.' यातला शब्दन् शब्द खरा होता. मारुतीचं देऊळ 'पर्यायी व्यवस्था' या दोन शब्दांत मावलं. पुढच्या कलमाला 'प्रश्न उद्भवत नाही'.

यात कुणी खोटं बोललं नव्हतं. सभागृहाला चुकीची माहिती दिली तर हक्कभंग येतो, ही भीती शिपायापासून सचिवापर्यंत सगळ्यांना असते. म्हणून सरकारी उत्तर सहसा खोटं नसतंच. विचारलेल्या शब्दांच्या कुंपणात ते नेमकं बसतं आणि कुंपणापलीकडचं काही सांगत नाही. कुंपण घालतो प्रश्न विचारणारा.

दोन-तीन वर्षांनी दुसऱ्या एका आमदारबाईंचा अतारांकित आला. त्याला ना बातमी, ना जीव मुठीत. विचारलं होतं एवढंच: निर्लेखनासाठी प्राप्त झालेले प्रस्ताव तालुकानिहाय किती, प्रत्येक प्रस्ताव मिळाल्याचा दिनांक, तांत्रिक तपासणीचा दिनांक, मंजुरीचा दिनांक, आणि त्या जागी नवी खोली मंजूर झाली असल्यास तिचा दिनांक.

साहेबांनी वाचलं आणि चष्मा काढून टेबलावर ठेवला. "हे कुणी लिहून दिलंय यांना?"

कारण या प्रश्नाला 'अंशतः' म्हणता येत नव्हतं. तक्ता भरायचा होता. आणि तक्ता भरायला बसलो तेव्हा कळलं की पहिला रकाना सगळ्यांचा भरलेला आणि दुसरा अर्धाअधिक कोरा. शिक्षण विभाग म्हणे, प्रस्ताव बांधकामकडे दिला. बांधकाम म्हणे, आमच्याकडे आलाच नाही. मग आवक-जावक नोंदवह्या निघाल्या. एका शाळेचा प्रस्ताव मला अजून लख्ख आठवतो. तो बांधकामकडे गेला होता, तिथून 'त्रुटी पूर्ततेसाठी परत' आला होता, कारण ग्रामपंचायतीचा नमुना आठचा, म्हणजे मालमत्तेच्या नोंदीचा, उतारा जोडलेला नव्हता. परत आला तो पंचायत समितीच्या कपाटात. ज्या मुख्याध्यापकांनी प्रस्ताव केला त्यांची बदली झालेली, नवीन आलेल्यांना कुणी सांगितलंच नाही. एका उताऱ्यासाठी, जो ग्रामसेवक बसल्या जागी देतो, तीन पावसाळे ती खोली तशीच.

विवरणपत्र वर गेलं. छापील उत्तरात त्या शाळेचं नाव एका ओळीत आलं असेल, बाईंनी ते वाचलं की नाही मला माहीत नाही. पण विवरणपत्र वर जायच्या आधीच त्या आठवड्यात उपअभियंता जीपमधून तालुका पालथा घालत होते, कारण कोरा रकाना घेऊन कुणालाच मंत्रालयात उभं राहायचं नव्हतं. तपासण्या झाल्या, तारखा भरल्या गेल्या. उन्हाळ्यात त्या खोल्या पाडायला सुरुवात झाली. नव्या खोल्या सगळीकडे लगेच झाल्या असं मी म्हणणार नाही; निधीचं गाडं वेगळं.

इतक्या वर्षांत मला जे समजलं ते इतकंच. 'खरे आहे काय' विचारलं तर खातं वकील होतं. तारीख विचारली तर खात्याला कारकून व्हावं लागतं, आणि कारकुनाला वही उघडावीच लागते.

मोठ्या उदाहरणांतही हेच दिसतं. १९५७ मध्ये आयुर्विमा महामंडळाने उद्योगपती हरिदास मुंदडा यांच्या सहा कंपन्यांत सव्वा कोटीच्या आसपास रुपये गुंतवल्याचं प्रकरण लोकसभेत आलं ते आधी प्रश्नोत्तरांतूनच. अर्थखात्याची उत्तरं मोघम होती. पुढे काँग्रेसचेच खासदार फिरोज गांधी उभे राहिले ते आकडे आणि तारखा हातात घेऊनच. चौकशी झाली मुंबईत, उच्च न्यायालयाचे मुख्य न्यायाधीश एम. सी. छागला यांच्यापुढे, खुल्या सुनावणीत. अर्थमंत्री टी. टी. कृष्णम्माचारी यांना फेब्रुवारी १९५८ मध्ये राजीनामा द्यावा लागला. म्हणजे मोघम उत्तराचासुद्धा उपयोग होतो, पुढचा प्रश्न विचारायची तयारी असेल तर.

कधी कधी 'माहिती नाही' हेच उत्तर सगळ्यांत बोलकं असतं. संसदेच्या सप्टेंबर २०२० च्या अधिवेशनात करोनाचं कारण देऊन प्रश्नोत्तराचा तासच रद्द केला होता, फक्त अतारांकित प्रश्न ठेवले होते. टाळेबंदीत घराकडे निघालेले किती स्थलांतरित मजूर मेले, असं लेखी विचारलं गेलं. श्रम मंत्रालयाचं उत्तर आलं की अशी माहिती ठेवली जात नाही. त्याच उत्तरात एक कोटीहून जास्त मजूर आपापल्या राज्यांत परतल्याचा आकडा मात्र होता. परतलेल्यांची मोजदाद झाली, मेलेल्यांची नाही, हे सरकारच्याच कागदावर आलं. आणि त्याच अधिवेशनात राज्यसभेतल्या एका लेखी उत्तरात रेल्वेने सांगितलं की श्रमिक गाड्यांत ९७ जणांचा मृत्यू झाला. रेल्वेला नेमकं विचारलं, रेल्वेने नेमकं सांगितलं.

एक गंमत सांगते, ती आमच्या कचेरीतलीच. उत्तराचा मसुदा लिहिताना 'कार्यवाही करण्यात येईल' हे शब्द शक्यतो टाळायचे, असं मला माझ्या पहिल्या अधीक्षकांनी शिकवलं होतं. "येईल म्हटलं की आश्वासन झालं. 'कार्यवाही सुरू आहे' लिही." विधिमंडळाची आश्वासन समिती असते. सभागृहात दिलेलं आश्वासन पाळलं की नाही हे ती बघते, अधिकाऱ्यांना साक्षीला बोलावते. लोकसभेत अशी समिती १९५३ पासून आहे, आणि तिथे तीन महिन्यांत आश्वासन पुरं करायची अपेक्षा असते. तिथे तर 'विचाराधीन आहे' हेसुद्धा आश्वासनच धरतात. म्हणजे काळ कुठला वापरायचा यावर खात्याची पुढची दोन वर्षं ठरतात. व्याकरणाचा एवढा धाक मला शाळेतही नव्हता.

सगळेच प्रश्न सोज्वळ असतात असं मात्र नाही. बदली हवी असलेला, ठेका न मिळालेला, भावकीचं भांडण असलेला माणूस आमदारांच्या कचेरीत कागद देऊन येतो आणि तोच मजकूर तारांकित म्हणून खाली येतो, कधी कधी त्याच शुद्धलेखनाच्या चुकांसकट. २००५ साली पैसे घेऊन प्रश्न विचारल्याबद्दल संसदेने एका दिवसात ११ खासदार घरी पाठवले होते, त्यातले दोन आपल्या खानदेशातले. आमच्या पातळीवर कुणी प्रश्न लावतं आणि मग पुढे त्याविषयी एकदम गप्प होतं, तेव्हा आम्ही एकमेकांकडे फक्त बघायचो. पण त्यामुळे प्रश्नच नकोत असं म्हणणारे अधिकारी भेटले की मला हसू यायचं. तिरक्या हेतूने विचारलेल्या प्रश्नाच्या तक्त्यातही तारखा खऱ्याच भराव्या लागतात.

माहिती अधिकार आल्यावर आता आमदारांच्या प्रश्नांची काय गरज, असं काहींना वाटतं. त्या कायद्यात खासगी माहितीच्या कलमाला एक परंतुक होतं: जी माहिती संसदेला किंवा विधिमंडळाला नाकारता येत नाही, ती कोणत्याही व्यक्तीला नाकारता येणार नाही. सामान्य माणसाला एका ओळीत आमदाराच्या बरोबरीने बसवणारं वाक्य होतं ते. डेटा संरक्षणाच्या २०२३ च्या कायद्याने ते परंतुक काढून टाकलं. तेव्हा आमदाराच्या लेखी प्रश्नाची किंमत माझ्या मते वाढली आहे, आणि आपापल्या आमदाराला नेमका प्रश्न लिहून देणं हे गावातल्या कुणालाही जमण्यासारखं काम आहे. उत्तरांच्या याद्या विधानमंडळाच्या संकेतस्थळावर असतात. आपला तालुका शोधून वाचा, करमणूकही होईल.

माझा एक भाचा सध्या एका आमदारांचा स्वीय सहायक आहे. परवा त्याने मसुदा पाठवला, बंद पडलेल्या गावच्या नळयोजनेबद्दल. 'महिलांना हंडाभर पाण्यासाठी वणवण करावी लागत असल्याचे निदर्शनास आले, हे खरे आहे काय.' मी फोन केला आणि म्हटलं, हे खोड. टँकर चालू असेल तर 'हे खरे नाही' येईल आणि तुझे साहेब तोंडावर पडतील. कार्यारंभ आदेशाचा दिनांक विचार, काम पुरं करायची मुदत विचार, ठेकेदाराला आजवर किती देयकं कोणत्या तारखेला दिली ते विचार, शेवटचं पाणी कधी सुटलं ते विचार.

"मावशी, पण साहेबांना वणवण पाहिजे. त्याशिवाय पेपरवाले घेत नाहीत."

मग दोन लाव म्हटलं. वणवण तारांकितला, तारखा अतारांकितला. त्याने दोन्ही लावलेत, आता स्वीकृत कुठला होतो ते बघायचं.