ऑनलाइन नूतनीकरणावरचा जादा आकार रद्द व्हावा
वाहन नोंदणीचे नूतनीकरण ऑनलाइन करताना अर्जाचे रकाने नागरिक स्वतः भरतो, कागदपत्रे स्वतः स्कॅन करून जोडतो, म्हणजे खिडकीवरच्या कर्मचाऱ्याचे बरेचसे काम तोच उरकतो. तरीही शेवटच्या पानावर मूळ शुल्काखाली ‘सुविधा शुल्क’ अशी वेगळी ओळ उमटते. हे मला सरळसरळ अन्यायाचे वाटते. कार्डाने पैसे भरले की बँक आणि पेमेंट गेटवे (ऑनलाइन पैसे पोहोचवणारी मधली सेवा) आपला हिस्सा कापतात, हे मान्य. पण रोकड मोजून, सांभाळून बँकेत भरण्यालाही खर्च येतोच. व्यवहाराचा हा खर्च परिवहन खात्याने मूळ शुल्कातूनच भागवावा. निदान थेट बँक खात्यातून पैसे भरण्याचा मार्ग तरी विनाआकार ठेवावा, कारण त्यात कार्डापेक्षा खर्च सहसा बराच कमी असतो.