तुम्ही विचारलंत म्हणून: तिकीट काढून फजिती का करून घेते?

"पदरचे पैसे घालून स्वतःचीच फजिती करून घ्यायची, हे कसलं नाटक बघणं?" प्रेक्षकांना खेळात ओढणाऱ्या नाटकांना मी जाते म्हटलं की कुणीतरी हे विचारतंच. माझा भिडस्त स्वभाव विचारणाऱ्यांना ठाऊक असतो, त्यामुळे प्रश्नाला जरा जास्तच धार येते. आजवर हसून विषय बदलला. आता एकदाच सांगते.

पहिलं म्हणजे, असली सगळीच नाटकं प्रेक्षकाला उघडं पाडत नाहीत. न्यूयॉर्कमध्ये २०११ ते २०२५ चाललेल्या 'स्लीप नो मोअर'मध्ये प्रेक्षकांना पांढरे मुखवटे देत आणि बोलायला बंदी असे. मग 'मॅकबेथ'मधल्या पात्रांच्या मागे मजल्यामजल्यांवरून ज्याने त्याने हवं तसं हिंडायचं. 'नाइट ऑफ जानेवारी सिक्स्टीन्थ' हे १९३५ मध्ये ब्रॉडवेवर आलेलं नाटक. त्यात प्रेक्षकांतलेच बाराजण ज्यूरी होतात आणि त्यांच्या निकालाप्रमाणे शेवट बदलतो. बाराजणांत लपता येतं.

हे मी तुम्हाला पटवतेय की स्वतःला, कोण जाणे. कारण माझी फजिती झाली तिथे लपायला जागाच नव्हती.

तो फोरम थिएटरचा प्रयोग होता. पद्धत ब्राझीलच्या नाट्यदिग्दर्शक ऑगस्तो बोआलची. प्रसंग एकदा पूर्ण दाखवतात. दुसऱ्यांदा सुरू झाला की प्रेक्षकांतल्या कुणीही 'थांबा' म्हणायचं, पिचलेल्या पात्राच्या जागी उभं राहायचं आणि वेगळं वागून दाखवायचं. समोरचे नट मात्र तसूभरही सोपं करून देत नाहीत.

आजारी वडिलांचं सगळं करणारी धाकटी बहीण आणि घर विकायचं ठरवूनच आलेला मोठा भाऊ. टेबलावर कागद. ती मुकाट्याने सही करते. पहिल्या खेपेलाच मी शेजारणीला म्हटलं, "काय बावळट आहे ही!" दुसऱ्या खेपेला 'थांबा' ओरडले ती मीच. बहिणीची शाल खांद्यावर घेतली. वाक्य तयार होतं: बाबा आहेत तोवर घर विकायचं नाही, दादा. त्यातलं "बाबा" एवढंच तोंडातून निघालं आणि तो नट कागदावरून मानही वर न करता म्हणाला, "आधी पाणी आण."

आणि मी गेले.

मंचावर ना माठ, ना पेला. तरी मी कोपऱ्यात जाऊन हवेतला पेला भरला, सांडू नये म्हणून जपून आणला आणि त्याच्यापुढे ठेवला. हशा पिकला तेव्हा मला कळलं, मी काय केलं ते. प्रयोग चालवणाऱ्याने (बोआलच्या भाषेत 'जोकर') हळूच विचारलं, "पुढे बोलायचंय?" वाक्य कधीच विरून गेलं होतं. शाल परत दिली. माझ्यानंतर विशीतली एक मुलगी गेली. तिलाही त्याने पाणी मागितलं. ती खुर्चीतून हललीसुद्धा नाही. "तुझ्या मागेच आहे, घे." टाळ्या पडल्या. मीही वाजवल्या, मनापासून नव्हे.

मला मोठा भाऊ नाही. एकुलती एक आहे मी. मग ते पाणी मी कुणाला नेऊन दिलं?

त्याआधी मी सगळ्यांना ऐकवत असे, की इथे धाडसाची तालीम होते आणि ते धाडस मग घरी येतं. बोआल तर नाटकाला क्रांतीची तालीम म्हणायचा. आता इतक्या ठसक्यात सांगवत नाही. त्या मुलीला ते बहुधा आधीपासूनच जमत असावं. माझी तालीम झाली ती पाणी आणण्याचीच. पण खुर्चीतच बसून राहिले असते, तर त्या बहिणीला बावळट म्हणतच घरी गेले असते, हेही खरं.

"एखादी वेगळी संध्याकाळ म्हणून आम्ही जावं का?" जा की. फक्त आधी विचारून घ्या: नट अंगाला हात लावतात का, मधूनच उठून जाता येतं का, काहीच न करता नुसतं बसलं तर चालतं का. उत्तर द्यायला टाळाटाळ करणाऱ्यांकडे मुळीच जाऊ नका.

पुढच्या महिन्यात फोरमचा आणखी एक प्रयोग आहे. तिकीट काढलंय. कडेचीच खुर्ची मागून घेतली; तिथून मंचही जवळ आहे आणि दारही.