वाघबीळची वळणे आणि आयल ऑफ मॅन : तुम्ही विचारलंत म्हणून

कोल्हापूरच्या उद्यमनगरातल्या माझ्या गॅरेजमध्ये येणारी तरुण मुले एक प्रश्न हमखास विचारतात. आयल ऑफ मॅनची शर्यत तुम्ही दरवर्षी जीव लावून पाहता, मग आम्ही रात्री पन्हाळ्याच्या रस्त्याला वाघबीळच्या वळणांवर गाड्या पळवल्या की तुम्हाला राग का येतो? तोही रस्ताच आहे आणि हाही रस्ताच. प्रश्न रास्त आहे, आणि वेग वाईट एवढे म्हणून तो मला उरकता येत नाही, कारण वेग मलाही प्रिय आहे.

ब्रिटन आणि आयर्लंड यांच्यामधल्या त्या बेटावर १९०७ पासून टीटी, म्हणजे टूरिस्ट ट्रॉफी, ही मोटारसायकलींची शर्यत होते. डोंगरावरून जाणाऱ्या मार्गाची एक फेरी सुमारे ६०.७ किलोमीटरची आहे, आणि २०२३ साली पीटर हिकमनने ती साडेसोळा मिनिटांच्या आसपास, म्हणजे ताशी सरासरी २१९ किलोमीटर वेगाने पूर्ण केली. या वेगात डोळ्यांची पापणी लवेपर्यंत गाडी कित्येक मीटर पुढे गेलेली असते, आणि दोन्ही बाजूंना घरांच्या दगडी भिंती, फुटपाथच्या कडा आणि विजेचे खांब असतात. बलाफ गावच्या पुलावर दोन्ही चाके जमीन सोडतात. स्वार दहा-दहा सेकंदांच्या अंतराने सुटतात, त्यामुळे प्रत्येकाची झुंज मुख्यतः घड्याळाशी असते. दोनशेहून अधिक वळणे, प्रत्येकाचा उतार, कुठे झाडाखाली रस्ता ओला राहतो, हे सगळे पाठ व्हायला वर्षे जातात. मला भुरळ पडते ती या अभ्यासाची. वेग हे त्याचे फळ आहे.

त्याची किंमतही मी मुलांपासून लपवत नाही. या मार्गावर आजवर अडीचशेहून अधिक स्वारांचा जीव गेला असून एकट्या २०२२ च्या शर्यतीत सहा जण गेले. १९७२ मध्ये इथे जिल्बेर्तो पार्लोत्ती या स्वाराचा मृत्यू झाल्यावर जाकोमो आगोस्तिनीसारख्या विजेत्याने तिथे पुन्हा न उतरण्याचा निर्णय घेतला, आणि १९७६ नंतर या शर्यतीचा जागतिक अजिंक्यपदातला दर्जा गेला. डनलॉप घराण्याची कहाणी तर मला आजही अस्वस्थ करते. टीटीत २६ विजय मिळवलेला जोई २००० साली एस्टोनियातल्या रस्त्यावरच्या शर्यतीत गेला, त्याचा भाऊ रॉबर्ट २००८ मध्ये उत्तर आयर्लंडमधल्या नॉर्थ वेस्ट २०० या स्पर्धेच्या सरावात आणि रॉबर्टचा मुलगा विल्यम २०१८ मध्ये. रॉबर्टचा दुसरा मुलगा मायकेल वडील गेल्यानंतर दोनच दिवसांनी त्याच नॉर्थ वेस्ट २०० मध्ये उतरला आणि जिंकला. याचे कौतुक करावे की काळजी वाटावी, हे माझे मला अजून ठरवता आलेले नाही.

पण तिथे रस्ता कायद्याने बंद केलेला असतो, मार्गावर लक्ष ठेवणारे पुरेसे मार्शल जागेवर आल्याशिवाय गाड्या सुटत नाहीत, जखमींसाठी हेलिकॉप्टर तयार असते आणि समोरून कोणीही येत नाही. मृत्यूची शक्यता स्वीकारणारा माणूस स्वतः सही करून उतरलेला असतो.

आता हंगामातले वाघबीळ पाहा. उसाच्या दोन ट्रॉल्या जोडलेला ट्रॅक्टर चढावर रांगत असतो आणि मागच्या ट्रॉलीला अनेकदा दिवा किंवा रिफ्लेक्टर नसतो. ट्रॉलीतून पडलेली कांडी चाकांखाली चिरडली की तिचा रस आणि चिपाडे डांबरावर पसरतात, आणि गाडी वळणात झुकलेली असताना टायर त्यावर आला तर ती सावरायला अवधीच मिळत नाही. मुले मला टायरच्या कडेपर्यंत गेलेली झीज अभिमानाने दाखवतात. त्यावरून गाडी किती झुकली ते मला कळते, पण वळणापलीकडे त्या क्षणी कोण होते हे त्या टायरवर उमटत नाही. तिथे ट्रॅक्टरवाला असू शकतो, कारखान्यातून घरी निघालेला कामगार असू शकतो, जोतिबाहून परतणारे कुटुंब असू शकते. त्यांची कोणीही सही घेतलेली नसते, आणि माझा राग एवढ्याच गोष्टीवर आहे.

ज्याला खरोखर गाडी पळवायची आहे त्याला मी चेन्नईजवळच्या इरुंगट्टुकोट्टईच्या किंवा कोइमतूरच्या कारी मोटर स्पीडवेच्या ट्रॅकवर जायला सांगतो. त्यासाठी आरसे काढणे, दिव्यांच्या काचांवर टेप लावणे, ऑइलचा बोल्ट तारेने बांधणे, ब्रेकचे ऑइल बदलणे ही सगळी कामे मी आनंदाने, रात्री उशिरापर्यंत थांबूनही करून देतो. वाघबीळसाठी म्हणून गाडी आणली, तर ती मी आत घेत नाही.