बोनेअरला डायव्हिंग शिकताना एका सहीसाठी गेलेले दिवस

बोनेअरहून परत येऊन दोन महिने झाले, समुद्राखाली जे पाहिले ते अजून डोळ्यांसमोरून हलत नाही, आणि तरीही त्या सहलीचा विषय निघाला की मला आधी आठवतो तो वैद्यकीय माहितीचा फॉर्म. आठवडाभराच्या सुट्टीतला बुधवार दुपारपर्यंतचा वेळ मी त्या फॉर्मवरच्या एका सहीची वाट पाहण्यात घालवला. पंचेचाळिशी ओलांडलेल्या, रोज एखादी गोळी घेणाऱ्या आणि तरीही स्कूबा डायव्हिंग शिकण्याची इच्छा असणाऱ्या वाचकांसाठी हे मुद्दाम सविस्तर लिहीत आहे.

बोनेअर हे व्हेनेझुएलाच्या उत्तरेचे छोटे बेट २०१० पासून नेदरलँड्सची विशेष नगरपालिका आहे, मात्र तेथील चलन अमेरिकन डॉलर आहे. पश्चिम किनाऱ्यालगत प्रवाळांचा उतार इतका जवळ आहे की बोट न घेता किनाऱ्यावरूनच पाण्यात उतरता येते. नवशिक्यांसाठी हे बेट निवडण्याचे आमचे कारण तेच होते. न्यू जर्सीहून तेथे पोहोचेपर्यंत काहीही अडले नाही. प्रवेशकराचे माणशी ७५ डॉलर आणि सागरी उद्यानाच्या शुल्काचे ४० डॉलर आम्ही घरूनच ऑनलाइन भरले होते, अभ्यासक्रमाचा पुस्तकी भागही संपवला होता.

रविवारी सकाळी डायव्हिंग केंद्रात आमच्या हातात तो फॉर्म आला. पहिल्या पानावर दहा प्रश्न असतात आणि काही प्रश्नांना ‘होय’ म्हटले की पुढच्या पानावरचे उपप्रश्न सोडवावे लागतात. पत्नीचे वय ४७, त्यामुळे वयाच्या प्रश्नाला तिने ‘होय’ लिहिले. पुढच्या पानावर धूम्रपान, कोलेस्टेरॉल, रक्तदाब आणि घराण्यातील हृदयविकार या सगळ्यांना ‘नाही’ आल्यामुळे ती पाच मिनिटांत मोकळी झाली. मी मात्र दोन ठिकाणी अडकलो. मला गेली सहा वर्षे रक्तदाबाची गोळी चालू आहे, आणि डॉक्टरांनी लिहून दिलेले औषध घेता का, हा दहावा प्रश्नही त्याच फॉर्मवर आहे. अशा उत्तरानंतर डॉक्टरांनी तपासून, डायव्हिंगला हरकत नाही असे लिहून सही केल्याशिवाय कोणताही प्रशिक्षक विद्यार्थ्याला पाण्यात नेत नाही.

शेजारच्या टेबलावरील एका अनुभवी गृहस्थांनी मला हळूच सांगितले की सगळे जण ‘नाही’च लिहितात, तुम्हीही लिहा. माझे पेन क्षणभर थांबले, हे मी लपवत नाही. काही वर्षांपूर्वी मालवणला हौस म्हणून पाण्याखाली गेलो होतो तेव्हा असाच एक कागद न वाचता सही करून दिला होता, आणि तो दोष माझाच होता. या वेळी मी खरे तेच लिहिले, याचे मला आजही समाधान आहे.

त्यानंतर सुरू झाली ती खरी परीक्षा. रविवारी न्यू जर्सीतला आमचा नेहमीचा दवाखाना बंद होता. सोमवारी आठ वाजता फोन केला, तर स्वागतकक्षातून सांगण्यात आले की फॉर्म ऑनलाइन पाठवा, डॉक्टर पाहतील. मी तासाभरात पाठवला. दुपारी उत्तर आले की अशा फॉर्मसाठी प्रत्यक्ष भेट लागते आणि सर्वांत जवळची वेळ नऊ दिवसांनंतरची आहे. महिन्यापूर्वीच याच दवाखान्यात माझा रक्तदाब १२४/७८ नोंदवला गेला आहे आणि ईसीजीही तुमच्याकडेच आहे, असे मी परोपरीने सांगितले, त्यावर मला पुन्हा भेटीची वेळच विचारण्यात आली. मंगळवारी तिसऱ्या फोननंतर कळले की तेथील डॉक्टर डायव्हिंगच्या फॉर्मवर मुळातच सही करत नाहीत. हे एक वाक्य सोमवारी सकाळी सांगितले असते तर माझे दोन दिवस वाचले असते, आणि राग आहे तो याच गोष्टीचा. डॉक्टरांना या विषयाची माहिती नसेल तर त्यांनी सही न करणे योग्यच आहे, परंतु ते रुग्णाला लगेच स्पष्ट सांगायला हवे.

ते दोन दिवस पत्नी पाण्याखाली जात होती आणि मी किनाऱ्यावर तिच्या चपला सांभाळत बसलो होतो. दक्षिणेकडची गुलाबी मिठागरे आणि पांढऱ्या मिठाचे डोंगर पाहिले, पण मन कशातच रमले नाही.

अखेर आमच्या प्रशिक्षिकेनेच बेटावरच्या एका डॉक्टरांचा नंबर दिला, आणि बुधवारी सकाळी त्यांनी मला पाऊण तास दिला. दवाखान्याच्या ॲपमधून माझ्या जुन्या नोंदी फोनवर उतरवून घेतल्या होत्या, त्या फार उपयोगी पडल्या. गोळी कोणती, जिने चढताना धाप लागते का, छातीत कधी दुखले का, हे सर्व विचारून त्यांनी ईसीजी काढला. पाण्यात शिरल्यावर हातापायांतले रक्त छातीकडे ढकलले जाते, हृदयावरचा भार वाढतो, आणि रक्तदाबाची काही औषधे श्रमाच्या वेळी हृदयाची गती वाढू देत नाहीत, म्हणून हा प्रश्न विचारतात, असे त्यांनी समजावले. हे ऐकल्यावर फॉर्मवरचा माझा राग गेला, दवाखान्यावरचा तेवढा राहिला.

फॉर्म इंटरनेटवर सहज मिळतो, तो तिकीट काढण्याच्या दिवशीच वाचावा. डॉक्टरांच्या मार्गदर्शनासाठी तज्ज्ञांनी लिहिलेली स्वतंत्र टिपणेही उपलब्ध आहेत, ती छापून सोबत न्यावीत, आणि पहिल्याच फोनवर विचारावे, “डॉक्टर अशा फॉर्मवर सही करतात का?”

राहून गेलेल्या गोष्टी: सागरी उद्यानात हातमोजे घालण्यास मनाई आहे, ते नेऊ नयेत. किनाऱ्यावर प्रवाळांचे टोकदार तुकडे असतात, जाड तळव्याचे पाण्यातले बूट हवेतच. भाड्याच्या गाडीत काहीही मौल्यवान ठेवू नये. आणि अनेक दिवस डायव्हिंग केल्यावर विमानात बसण्यापूर्वी किमान १८ तास जाऊ द्यावे लागतात, म्हणजे शनिवारच्या दुपारच्या विमानासाठी आमचे डायव्हिंग शुक्रवारी संध्याकाळीच संपणार होते.

बुधवार दुपार आणि गुरुवार सकाळ उथळ पाण्यातल्या सरावात गेली, गुरुवारी दुपारी दोन आणि शुक्रवारी दोन अशी चार डायव्ह पूर्ण झाली. शेवटच्या डायव्हमध्ये पोपटमासा प्रवाळ कुरतडत होता, आणि त्याचा कर्रकर्र आवाज पाण्यातून स्पष्ट ऐकू येत होता. तो आवाज मी कुठल्याही पुस्तकात वाचून समजू शकलो नसतो.

त्या सहीची मुदत बारा महिने आहे. डिसेंबरमध्ये तारकर्लीला डायव्हिंगसाठी जाणार आहोत, तिथे हाच फॉर्म चालेल का, हे मी गेल्याच आठवड्यात फोन करून विचारून घेतले आहे.